झोळी भरेपर्यंत

त्या खाडीच्या राज्यात सगळ्यांचे पोट एकाच माशावर चाले. भाकस त्याचे नाव. अंगाने भाकरीसारखा चपटा, आणि दोन्ही डोळे एकाच बाजूला. त्यामुळे तो तळाच्या चिखलात पडून सदैव वर बघत असे. वरून कोण येते आहे हे त्याला नीट दिसे. फक्त वेळेवर हलणे जमत नसे.

पूर्वी ज्याला भूक लागे तो बुडी मारी, खाई आणि खडकावर पंख वाळवत बसे. पुढे बुड्या वाढल्या आणि भाकस विरळ झाला. तेव्हा पक्ष्यांची मोठी सभा भरली. मासा कमी झाला तो शेजाऱ्याच्या हावरेपणामुळे, यावर चटकन एकमत झाले, कारण शेजारी प्रत्येकाला होताच. अध्यक्षपदी धवलपंत नावाचा बगळा होता. तो तासन्‌तास एका पायावर उभा राही, आणि इतका वेळ असा उभा राहणारा नक्कीच काहीतरी विचार करत असणार, असा खाडीत समज होता.

धवलपंतांनी दुसरा पाय खाली टेकवला आणि सांगितले की माशाला मर्यादा हवी. मर्यादा सर्वांना पसंत पडली. पण ती मोजायची कशात? खाडीत भांडे असे नव्हतेच. सगळ्यांच्या नजरा हळूहळू विसाजीकडे वळल्या.

विसाजी हा झोळीवाला पक्षी. चोचीखाली कातड्याची ही एवढी झोळी लोंबत असे आणि तिच्यावरून लहानपणापासून त्याची चेष्टा झालेली. तीच झोळी राज्याच्या कामी येते आहे म्हटल्यावर त्याला भरून आले. नियम असा ठरला की विसाजीने खाडीच्या तोंडाशी असलेल्या खडकावर बसून समुद्राकडे चोच उघडायची. चोच उघडी तोवर हंगाम उघडा. ज्याला जे सापडेल ते त्याने झोळीत आणून टाकायचे. झोळी भरली की विसाजीने चोच मिटायची आणि हंगाम बंद. मग जमिनीकडे तोंड फिरवून त्याने झोळी रिकामी करायची आणि सभेने वाटे घालायचे. तोवर काहीही गिळायची विसाजीला सक्त मनाई होती. त्याच्या चोचीला कोणी पंखसुद्धा लावायचा नव्हता, कारण ती आता साधी चोच राहिली नव्हती, कायदा झाली होती.

"अहो, ते सगळं खरं, पण तुम्ही खाणार कधी?" त्याची बायको गोदाबाई म्हणाली.

"अगं, अर्ध्या दिवसाचं तर काम," विसाजी म्हणाला. "मान केवढा आहे बघ!"

पहिल्या वर्षी खरोखरच उन्हे डोक्यावर यायच्या आत झोळी भरली. विसाजी वाटा घेऊन ऐटीत घरी गेला. दुसऱ्या वर्षी संध्याकाळ झाली. त्यापुढे दिवस लागू लागले, मग आठवडे. मासा जितका कमी, तितका झोळी भरायला उशीर, आणि झोळी भरायला जितका उशीर, तितका हंगाम लांब. सभेने याचा अर्थ असा काढला की मासेमारी भरभराटीला आली आहे. पूर्वी अर्ध्या दिवसात आटोपणारा हंगाम आता महिनोन्‌महिने चालतो, हे धवलपंत पाहुण्यांना आवर्जून सांगत.

या वर्षी तर कहरच झाला. विसाजीची चोच थंडीत उघडली ती उन्हे तापली तरी उघडीच. त्याच्या जिभेवर मिठाचा थर बसला. एका गोगलगायीने वरच्या चोचीत बिऱ्हाड थाटले. पोट खपाटीला गेले. घरट्यात पिल्लू जन्माला आले, तेही त्याला लांबूनच बघावे लागले. झोळीवाल्यांची पिल्ले बापाच्या झोळीत डोके खुपसून जेवतात, पण ही झोळी राज्याची होती. बोलण्याचे म्हणाल तर एवढा जबडा पसरून 'आ' शिवाय दुसरे काय निघणार? सभा प्रत्येक ठराव रीतसर त्याच्यापुढे ठेवी, विसाजी कळवळून "आ" म्हणे आणि ठराव एकमताने मंजूर होई.

ठरावही एकेक ऐकण्यासारखे होते. धवलपंतांच्या पंजाहून लहान भाकस झोळीत टाकू नये, परत पाण्यात सोडावा, असे ठरले. सोडलेला मासा पलीकडच्या पाणकावळ्याला सापडे. तो त्याला मापून सोडी, की लगेच खंड्याला सापडे. एकाच माशाला सकाळपासून अर्ध्या राज्याने मापलेले असे, आणि शेवटी तो घेरी येऊन स्वतःच पोट वर करी. मग त्या मापाचा मासाच मिळेना, तेव्हा माप म्हणून धवलपंतांच्या नातवाचा पंजा धरण्यात आला.

त्यातच वरच्या तळ्यांवरून हौशी बदके आली. ती पोटासाठी नव्हे, मौजेसाठी बुड्या मारत. त्यांचे म्हणणे असे की मौजेचा मासा मर्यादेत धरू नये, कारण तो हावरेपणाने मारलेला नसतो. पाणकावळे म्हणाले, भुकेचा मासा मर्यादेत धरू नये, कारण भुकेला इलाज नसतो. सभेला दोघांचेही पटले. दोघांनीही झोळीपर्यंत पोचायच्या आधीच आपापले मासे गिळले, आणि विसाजीच्या झोळीत तळाला तेवढे चार ओले किरकोळ जीव वळवळत राहिले.

उन्हाळा सरताना गाभोळीने भरलेल्या भाकसी उथळ पाण्यात अंडी घालायला येत. पूर्वी तोवर विसाजीची चोच कधीच मिटलेली असे, त्यामुळे त्या आल्या काय आणि गेल्या काय, कोणाला पत्ता नसे. या वर्षी एकच आली. चांगली सुपाएवढी होती. पोटाच्या भाराने ती चिखलात रेघ ओढत सरकत होती. तिचे दोन डोळे वर लागले होते, आणि विसाजीचे तिच्यावर.

"आ!" तो ओरडला. "आ! आ!"

विसाजी उत्साहात आहे असे सर्वांना वाटले. रखमाजी पाणकावळ्याने मात्र त्याची नजर कुठे लागली आहे ते बघितले आणि तिथेच बुडी घेतली. रखमाजी वाईट नव्हता. त्याच्याही घरी चार तोंडे होती, आणि विसाजीदादाची एकदाची सुटका व्हावी असे त्याला मनापासून वाटत होते. ती भाकस एकट्याने उचलेना म्हणून त्याने भावांना हाक मारली, आणि सगळ्यांनी मिळून तिला फरफटत वर आणली.

"घ्या, विसाजीदादा! आता भरली बघा!"

झोळी काठोकाठ भरली. कायद्याप्रमाणे विसाजीची चोच मिटली. इतक्या दिवसांनी मिटताना ती करकरली. खाडीभर जल्लोष झाला. बदकांनी मौजेखातर, पाणकावळ्यांनी भुकेपोटी पंख फडफडवले. मर्यादा पूर्ण गाठल्याबद्दल धवलपंतांनी सर्वांचे अभिनंदन केले आणि सकाळी वाटे घालायचे जाहीर केले.

सकाळी सभा खडकाच्या जमिनीकडच्या अंगाला दाटीवाटीने बसली. विसाजी वळला नाही. झोळीत ती भाकस थोडी धडपडली होती, मग तळाशी अंग टाकून निवांत झाली होती, आणि मग त्याच्या जिभेखाली काहीतरी मऊ, दाणेदार, सुटे सुटे पसरत गेले होते. ते काय आहे हे समजायला त्याला सभेची गरज नव्हती. तो घाबरला. त्याला खूप भूकही लागली होती. पण त्या भुकेहून मोठी अशी एक विलक्षण माया त्याच्या मनात दाटून आली, आणि त्याने चोच आणखी घट्ट आवळली.

"विसाजी, वळा," धवलपंत म्हणाले. "तुम्हाला काही म्हणायचे आहे का?" विसाजीने मान हलवली, आणि ती 'आ' नसल्यामुळे कोणालाच तिचा अर्थ लागला नाही.

मग गोदाबाई आली. ती कोणाची बाजू घेऊन आली नव्हती. रोज चिखल उकरून किडे काढता काढता तिची चोच झिजली होती.

"अहो, एकच काढा," ती हळूच म्हणाली. "पिल्लाला उभं राहवत नाही आता. एवढ्यातनं एक गेला तर काय होतंय?"

हे वाक्य विसाजीने या हंगामात खाडीतल्या प्रत्येक पक्ष्याच्या तोंडून ऐकले होते. पण गोदाबाईच्या तोंडून ते ऐकताना त्याला रडू आले. ते पाणी चोचीवरून ओघळत खाली गेले. तिने ते पाहिले आणि ती त्याच्या शेजारी बसून राहिली.

पुढे झोळीतून हालचाल दिसू लागली. कातडे ठिकठिकाणी आतून टोचले जाई आणि परत सपाट होई. मग झोळी फुगत चालली. रात्री होती त्याहून सकाळी मोठी असे. धवलपंतांनी लांबूनच मान वाकडी करून तिचा अंदाज घेतला, पुष्कळ वेळ एका पायावर उभे राहिले आणि मग प्रसन्नपणे म्हणाले, "मासा वाढला. आपले धोरण यशस्वी झाले." झोळी वाढली म्हणजे मर्यादाही वाढली, हे ओघानेच आले. पुढच्या हंगामासाठी त्या मानाने मोठी मर्यादा तिथल्या तिथे मंजूर झाली. बदकांनी त्यातला अर्धा वाटा मागितला, आणि त्यावर भांडणही झाले.

अडचण इतकीच होती की सबंध राज्याचा मासा त्या एका मिटल्या चोचीत होता. खाडीच्या तळाशी वर बघणारे कोणी उरले नव्हते. चोचीला पंख लावायची सोय नव्हती; तो नियम मोडावा तर मर्यादाच मोडली असे होईल, आणि आपले राज्य मर्यादा पाळणारे आहे, असे धवलपंतांनी बजावले. विसाजीला हसवून पाहिले. नाकात पीस घालून शिंक आणायचा बेत निघाला, पण पीस म्हणजे पंखच, असा आक्षेप आला. शेवटी धवलपंतांना एक गोष्ट आठवली. एकाला जांभई आली की समोरच्यालाही येते.

सभेने ठराव केला आणि सगळे राज्य खडकाभोवती जांभया देत बसले. बगळे जांभया देत होते, पाणकावळे जांभया देत होते, बदके मौजेने देत होती. प्रथम त्या उसन्या होत्या, पण पोटे रिकामी असल्यामुळे लवकरच खऱ्या येऊ लागल्या. जिकडे बघावे तिकडे पसरलेले जबडे आणि लाल घसे. गोदाबाईने धरून आणलेले पिल्लू त्या गर्दीत लटपटत उभे राहिले, आणि बापाकडे बघून त्यानेही आपली इवलीशी चोच होती तेवढी उघडली. इतक्या उघड्या तोंडांत त्याचे तोंड जांभईचे की भुकेचे, हे कोणाला सांगता आले नसते.

विसाजीला ते सांगता येत होते. तो त्या लाल घशाकडे बघत असतानाच त्याच्या पोटातून जांभई निघाली. ती मानेतून वर सरकली, जबड्यापाशी येऊन थडकली. डोळे पाण्याने भरले, चोचीच्या कडा थरथरल्या. सगळे राज्य श्वास रोखून पुढे झुकले.

विसाजीने जांभई गिळली. त्या हंगामात त्याच्या घशाखाली गेलेला तो पहिला घास होता.