कासवाची शाल

फार जुन्या काळी पाखरांचं एक शहर होतं. तिथल्या तळ्यावर काळ्या पिसांना पाणी बंद होतं. कावळे चिडून उठले, दंगल झाली, की गरुडराजा म्हाताऱ्या कासवाला चौकशीला धाडायचा. कासव येऊन खरं तेच सांगायचं, "महाराज, त्यांना पाणी द्या." राजा मान डोलवायचा, कासवाला शाल पांघरवायचा आणि कावळ्यांच्या वस्तीवर आणखी ससाणे पाठवायचा.

यंदाही दंगल झाली. कासव रखडत वस्तीत पोचलं, तर कावळी मेलेल्या पिलापाशी बसलेली.

"काय झालं गं, बाई?"

"मागं सांगितलं तेच, कासवदादा."

"या खेपेला राजाला नीट समजावतो."

"समजावा. पण ती शाल तेवढी द्या. लेकराला झाकायला काही नाही."

कासवानं शाल दिली, आणि ते नवी आणायला राजवाड्याकडे निघालं.