साळूच्या बिळातली हाडे

त्या राज्यात दोनच याद्या होत्या. एक गवत खाणाऱ्यांची आणि दुसरी मांस खाणाऱ्यांची. प्रत्येक प्राण्याचे नाव त्यांपैकी एकीत लिहिलेले असे, आणि पाणवठ्यावर कुणी आधी प्यायचे, कुणाच्या शेजारी कुणी राहायचे, हे सारे त्यावरून ठरे. तिसऱ्या यादीची गरज कुणाला वाटली नव्हती, निदान तसे कुणी मोठ्याने म्हटले नव्हते.

साळू नावाची एक साळिंदरीण गवत खाणाऱ्यांच्या यादीत होती. टेकडीच्या उतारावर तिचे बीळ होते आणि बिळात दोन पिल्ले, इतकी लहान की त्यांचे काटे अजून मऊच होते. साळू कुणाच्या अध्यात नव्हती की मध्यात नव्हती. कंदमुळे उकरावीत, पिल्लांना सांभाळावे, एवढाच तिचा संसार.

एके दिवशी न्यायसभेचा कारकून असलेला कावळा आला आणि बिळाच्या तोंडाशी एक पान टाकून गेला. तरसाने दावा लावला होता. हे बीळ माझ्या वाडवडिलांचे आहे, मी आत डोकावून पाहिले तेव्हा हाडेच हाडे दिसली, आणि या उतारावर हाडे चघळणारा माझ्याशिवाय आहेच कोण, असे त्याचे म्हणणे होते. आठव्या दिवशी सुनावणी. उत्तर दिले नाही तर बीळ रिकामे करायचे.

पिल्लांना दुसरे घर शोधत उघड्यावर फिरवायचे म्हणजे त्यांना कोल्ह्यांच्या तोंडी देणेच होते. पण त्याहून मोठी पंचाईत वेगळीच होती. हाडे खरोखर होती, आणि ती साळूची होती.

साळिंदरांचे दात मरेपर्यंत वाढत राहतात. हाडांवर घासले नाहीत तर ते इतके वाढतात की तोंडात घासही घेता येत नाही. साळूच्या आईने तिला हाड कुरतडायला शिकवले, आणि त्याच दिवशी हेही शिकवले की ते याच बिळाच्या अगदी आतल्या कोपऱ्यात बसून करायचे आणि कुणापाशी बोलायचे नाही. जगात हे असले काम आपण दोघीच करतो, अशी साळूची समजूत होती. आई गेल्यावर ती एकटीच उरली.

वकील तर करायलाच हवा होता. साळू आधी राजधानीत धनेशाकडे गेली. त्याची चोच मोठी आणि नाव त्याहून मोठे. तिने जेमतेम तोंड उघडले तोच तो म्हणाला, ‘‘जिंकलोच म्हणून समजा!’’ कोणता खटला, कुणाविरुद्ध, हे त्याने विचारलेच नाही. मग त्याने आपण जिंकलेल्या खटल्यांची माळ ओढायला घेतली. साळू दमून परत आली, आणि तोवर दोन दिवस गेले होते.

नदीकाठची टिटवी तिची जुनी ओळखीची. वाळूतल्या अंड्यांवरून तिलाही एकदा न्यायसभेची पायरी चढावी लागली होती. साळूने तिला दाव्याचे आणि धनेशाचे सांगितले.

‘‘अगं, इतक्या लांब कशाला मरायला गेलीस?’’ टिटवी म्हणाली. ‘‘आपल्या खडकातली घोरपडबाई आहे ना! न्यायाधीश गवा सकाळचं ऊन पाठीवर येईपर्यंतच ऐकतो, मग रवंथ करत बसतो. तुझ्या धनेशाला ते ठाऊक आहे का? घोरपडबाईला आहे. जाताना ते पान घेऊन जा. काय झालं ते पहिल्यापासून ओळीने सांग. किती घेणार तेही आधीच विचार, लाजू नकोस.’’

साळूने तयारी केली, आणि ती जरा जास्तच केली. सगळी हाडे तिने बिळाच्या शेवटच्या कोनाड्यात लोटली आणि कोनाडा चिखलाने लिंपून टाकला. मग आपली हकिकत ती पिल्लांसमोर म्हणू लागली. पिल्ले झोपली तरी हिचे चालूच. तिसऱ्या वेळी हकिकतीत हाडांचे नावही उरले नाही.

घोरपडबाईची कपार अरुंद होती. ती म्हातारी, सुरकुतलेली बाई दगडाला चिकटून बसली होती. तिने पान वाचले, बोलण्याआधी आपला मेहनताना सांगितला, आणि डोळे मिटून साळूची हकिकत शेवटपर्यंत ऐकली. साळू एकदाही अडखळली नाही.

‘‘छान पाठ केलंत,’’ घोरपडबाई म्हणाली. ‘‘आता जे पाठ केलं नाही ते सांगा.’’

साळूचे काटे ताठ झाले.

‘‘या कपारीतलं बोलणं बाहेर जात नाही,’’ घोरपडबाई सावकाश म्हणाली. ‘‘खुद्द गव्याने विचारलं तरी मी सांगणार नाही. पण तरस तिथे काहीतरी बोलेल आणि मी ते पहिल्यांदाच ऐकेन, असं मात्र करू नका, साळूबाई. तेव्हा मला काही करता येत नाही.’’

मग साळू खाली मान घालून म्हणाली, ‘‘हाडं माझी आहेत, वकीलबाई. मी कुरतडते. माझी आईही कुरतडायची.’’

तिला वाटले, आता दगड फुटेल, निदान बाई नाक तरी मुरडेल. घोरपडबाईने नुसते विचारले, ‘‘कुठे आहेत?’’

आणि ती उठलीच. एवढ्या वयाची बाई, पण सरपटत उतारावर आली आणि पोटावर घसटत थेट बिळात शिरली. राजधानीचा वकील काही शिरला नसता. साळूने शरमेने लिंपण फोडले. घोरपडबाईने एकेका हाडावरून जीभ फिरवली.

‘‘तरस हाड फोडून खातो, तुकडे करतो,’’ ती आतूनच म्हणाली. ‘‘ही तर अख्खी आहेत. कडेने रंधा मारल्यासारखी तासलीत. हे तुमचेच दात. आणि ही खालची, मातीत रुतलेली, ही तुम्ही कोनाड्यात ढकललेली नाहीत. ती आधीपासूनच इथे आहेत. त्यांच्यावरही असेच दात आहेत. ही कुणाची?’’

‘‘आईची असतील. तिच्या आईचीही.’’

‘‘अहो, मग हा तुमच्या घराण्याचा सातबारा आहे. तो तुम्ही चिखलाने लिंपून ठेवलात!’’

साळूला हसावे की रडावे कळेना. घोरपडबाई बाहेर आली आणि अंग झटकत म्हणाली, ‘‘ऐका. निकाल काय लागेल ते मी सांगू शकत नाही. पण आता आपल्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे. एवढंच की हे मांडलं तर भर सभेत सगळ्यांना कळेल. तुमच्या परवानगीशिवाय मी एक हाडही बाहेर काढणार नाही. ठरवायचं तुम्ही.’’

साळूने पिल्लांकडे पाहिले. धाकट्याचे वरचे दात ओठाबाहेर डोकावू लागले होते. आज ना उद्या त्यालाही कोपरा दाखवावा लागणार होता, आणि गप्प राहायलाही शिकवावे लागणार होते.

‘‘मांडा,’’ ती म्हणाली.

तो शब्द तोंडातून गेला आणि साळूचा जीव भांड्यात पडला. पाच दिवसांत ती पहिल्यांदाच पोटभर श्वास घेत होती. बीळ अजून वाचलेले नव्हते आणि तरस होता तिथेच होता, पण छातीवरचा धोंडा कुणीतरी उचलून बाजूला ठेवला होता.

‘‘आतल्या एकाही हाडाला आता हात लावू नका,’’ असे बजावून घोरपडबाई निघाली. साळू तिला ओढ्यापर्यंत पोचवायला गेली. परतताना वाटेत एक वाळके हाड पडलेले दिसले. एरवी तिने मान फिरवली असती आणि अंधार पडल्यावर ते न्यायला आली असती. आज तिने ते भर दुपारी तोंडात धरले. झाडावरून वानरे बघत होती. बघू देत, असे तिला वाटले, आणि तसे वाटल्याचे तिचे तिलाच नवल वाटले.

हाड तिने बिळाच्या तोंडाशी उन्हात ठेवले आणि पिल्लांना हाक मारली. धाकटा आधी बिचकला, मग कुरतडू लागला. कुर्रर, कुर्रर, असा आवाज उतारभर ऐकू जाऊ लागला.

इतक्यात समोरचे झुडूप हलले. गवत खाणाऱ्यांच्या यादीत जिचे नाव पहिले होते, आणि पाणवठ्यावर जिच्या आधी कुणी तोंड बुडवत नसे, ती चितळीण पानांआडून बाहेर आली. तिच्या तोंडात एक गळून पडलेले शिंग होते, दोन्ही टोकांना चघळून गुळगुळीत झालेले. तिने इकडेतिकडे पाहिले, साळूच्या पिल्लांशेजारी उन्हात उभी राहिली, आणि चघळू लागली.