सहा अक्षरांची चिठ्ठी

एका गावात एक हायकू मंडळ होतं. हसू नका, खरंच होतं! हणमंत मास्तरांनी ते काढलं होतं. ज्याचा वाढदिवस असेल त्याला मित्रांनी हायकूतूनच शुभेच्छा द्यायच्या, अशी तिथली रीत. तीन ओळी, त्यांत पाच, सात आणि पाच अक्षरं. ऐकणाऱ्यांनी बोटं दुमडून मोजायची.

मास्तरांच्या साठाव्या वाढदिवशी त्यांचा लहानपणापासूनचा मित्र सिद्राम शिंपी चिठ्ठी घेऊन उभा राहिला. त्याला एक गोष्ट सांगायची होती, पण ती तोंडानं सांगवत नव्हती. म्हणून त्यानं ती हायकूत घातली होती. वाचून होताच मास्तर गरजले, "पहिल्या ओळीत सहा! सिद्राम, दुरुस्त करून आण."

झालं! मंडळात जुंपली. कुणी म्हणालं, "तीन ओळी झाल्या की पुरे." दुसरा तावातावानं म्हणाला, "मग नियम कशाला केलेत?" पेढे ताटात तसेच राहिले. सिद्राम चिठ्ठी ठेवून कधी निघून गेला, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही.

संध्याकाळी मास्तरांच्या बायकोनं, शेवंताबाईंनी विचारलं, "सिद्रामभाऊजी काय म्हणाले हो?"

"पहिल्या ओळीत सहा अक्षरं."

"ते नव्हे. म्हणाले काय?"

मास्तरांना एकही शब्द आठवेना. शेवंताबाईंनी चिठ्ठी उचलून वाचली:

उद्याच्या गाडीने
जातो कायमचा मी
शतायू हो तू

"अगं बाई! लेक कधीचा बोलावत होता, म्हणजे भाऊजी त्याच्याकडे राहायला चालले, सुरतेला! आणि तुम्ही बोटं मोजत बसलात?"

मास्तरांनी चिठ्ठी हातात घेतली आणि पहिल्यांदाच नीट वाचली.

सकाळी ते धापा टाकत एसटी स्टँडवर पोचले. सिद्राम गाडीत खिडकीशी बसला होता. मास्तरांना पाहून त्यानं घाईघाईनं खिशातून नवी चिठ्ठी काढली.

"पाच केली रे, मास्तर. 'उद्या गाडीने.' आता बसतं बघ."

मास्तरांना हुंदका आवरेना. "फाड ती! मला सहाचीच हवी. काल मी तुझं ऐकलंच नाही रे, सिद्राम. चुकलो मी."

कंडक्टरनं घंटी दिली. खिडकीचा गज धरून मास्तर चालत्या गाडीबरोबर धावत बोलत सुटले, "पोचलास की पत्र टाक, गोळ्या वेळेवर घे, आणि पुढच्या वाढदिवसाला आला नाहीस तर मीच तिकडे येऊन तुझ्या दारात बसेन!"

सिद्राम बोटं दुमडत होता. दोन्ही हातांच्या मुठी झाल्या, तरी मास्तर थांबेनात. डोळे पुसत तो हसला आणि ओरडला, "मास्तर, बोटं संपली की रे!"

तात्पर्य: मित्र मनातलं सांगत असताना आधी त्याचं ऐकावं. त्याच्या चुका मागाहूनही मोजता येतात, पण मित्र तेवढा वेळ थांबेलच असं नाही.