खाटेवरच्या माणसाचा मासा

"...मग माझ्या गळ्यात माळ कधी घालणार, बुवा?"

विश्राम तांडेलनं पुन्हा तेच विचारलं. अमृतबुवा मठाच्या पायरीवर बसून ओल्या पंच्याची घडी करत होते. घडी झाली, मांडीवर ठेवली.

मी तिथं कुडाच्या काठ्या बांधत होतो, म्हणून ऐकलं. ऐकलं ते लिहितो. कोणाला खोटं वाटलं तर वाटू दे.

"वर्ष झालं सोडून," विश्राम म्हणाला. "बोटालासुद्धा वास लावून घेतला नाही. अजून काय करू?"

"काय सोडलंस?"

"मासे."

"असं," बुवा म्हणाले.

आमची वेळणवाडी खाडीच्या तोंडावर आहे. इथं मासे किती वेळा खाता असं कोणी विचारलं तर माणसं हसतील. भात किती वेळा खाता विचारल्यासारखंच ते. रोज खातात. नाही खात तेव्हा त्याला कारण असतं, आणि कारणं ढीगभर. कोणाचा सोमवार, कोणाचा गुरुवार, कोणाची चतुर्थी. श्रावणात सगळं गाव सोडतं, पण तेव्हा होड्या वर ओढलेल्या आणि दर्या खवळलेला. मिळतंय कोणाला? ते पुण्य फुकटचं. बाबल्या न्हावी कोळंबी खात नाही, अंगावर गांधी उठतात म्हणून. खात नाही म्हणतो, आणि गांधी मात्र उठतच असतात. चंद्रभागा म्हातारीचा नवरा दर्यात गेला, हाताला काही लागलं नाही, तेव्हापासून ती खात नाही. तिला बुवा कधी काही विचारत नाहीत. तिच्या ओटीवर बसून कोरा चहा घेतात आणि उठतात.

विश्रामचं कारण निराळं. त्याला मोठं व्हायचं होतं.

तसा तो मोठ्याचाच मुलगा. त्याचा बाप गुणाजी होडीचा तांडेल, म्हणजे होडीवरचा मुख्य. पाण्याचा रंग बघून जाळं कुठं टाकायचं ते सांगायचा आणि माणसं न बोलता टाकायची. विश्राम होडीवर टिकला नाही. जेट्टीवरच्या बर्फाच्या कारखान्यात लादी फोडतो. तो बर्फ कोणासाठी फोडतोस रे, असं पोरं चेष्टेनं विचारायची. मग हा त्यांच्याशी बोलणं टाकायचा.

आधी त्यानं स्वतःपुरतं सोडलं. त्याला कोणी नावं ठेवली नाहीत. मग त्याचं ताट पडवीत गेलं, घराकडे पाठ करून. मग भांडी वेगळी झाली. मग वास येतो म्हणून अख्ख्या घराचं बंद केलं. शेजारच्या वहिनीनं कुंपणावरून वाटी दिली ती यानं मागच्या परड्यात ओतली आणि वर तिला पापपुण्य सांगितलं. बायको शेवंती काही बोलली नाही. ती गप्प असते तेव्हा भांडी जास्त वाजतात, एवढंच.

"घाई कसली आहे?" बुवांनी विचारलं.

विश्रामचा आवाज उतरला. म्हणाला, बाबांमुळे. गुणाजीला लकवा होऊन उजवी बाजू गेली होती, वाचा गेली होती, ते गावाला ठाऊकच होतं. आता त्यानं अन्नही टाकलं होतं. चमचा पुढं केला की तोंड मिटतो आणि भिंतीकडे वळतो. डॉक्टर म्हणाला गळ्याला काही झालेलं नाही. मुंबईच्या बहिणीला कळवून झालं होतं, येऊन बघून जा म्हणून.

"त्यांची आसक्ती सुटली, बुवा. मला दिसतंय ते. जायच्या आधी त्यांनी माझ्या गळ्यात माळ बघावी, एवढंच आहे."

त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. ते खोटं नव्हतं. म्हणून मला त्याचा धड रागही येईना.

"काय देतोस त्याला?"

"मऊ भात. वरण, तूप. शिरा केला. राजगिऱ्याची खीर केली."

"आणि?"

"आणि काय द्यायचं?"

बुवा खाडीकडे बघत राहिले...

खालच्या वाटेनं अंबू मासेवाली चालली होती. मठासमोर आली की ती पाटीवर पदर ओढते आणि पाय उचलते. बाकीच्या बायकाही तेच करतात. बुवांनी कधी तसं सांगितलेलं नाही, पण मासे खात नाहीत म्हटल्यावर माणसं आपल्याच मनानं नियम करतात.

बुवांनी तिला हाक मारली.

अंबू जागच्या जागी थांबली. चुकून खवले सांडले की काय म्हणून मागं वळून वाटेवर बघू लागली. बुवा उतरून तिच्यापाशी गेले आणि खाटेला लागलेल्या माणसाला तुम्ही कुठला मासा देता ते विचारलं.

ती चाचरत म्हणाली, "मुडदुशी. हलकी असते. बाळंतिणीला देतात, तापातनं उठलेल्याला देतात... कोणासाठी, बुवा?"

"दे."

तिनं पाटीतला वाटा अळवाच्या पानावर घातला. पैशाचं नाव काढू दिलं नाही. उलट वाकून पाया पडली, तशाच हातांनी, आणि मग आपण काय केलं ते कळून तोंडावर हात नेला. बुवांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला आणि पान घेऊन वर आले.

विश्राम उठून उभा राहिला होता. मठाच्या पायरीवर मासा त्यानं काय, मीही कधी बघितला नव्हता.

बुवांनी आतून विळी आणली. नारळ खोवायची विळी, दुसरी मठात नाहीच. मांडी घालून बसले आणि एक मुडदुशी शेपटीला धरून उचलली, साप उचलावा तशी. ती निसटली आणि मातीत पडली. धुतली, पुन्हा धरली. खवले काढायला लागले ते डोक्याकडून शेपटीकडे. असे खवले जन्मात निघत नाहीत, पोराटोरांनाही ठाऊक आहे. बोट मात्र कापलं.

"बुवा," विश्राम म्हणाला, "हे काय चाललंय?"

"मासा साफ करतोय."

"तुम्हाला येत नाही."

"नाही येत. मी घाटावरचा. आमच्या पाण्यात म्हशी असतात."

मला हसू आलं, ते मी कुडाकडे तोंड करून आवरलं.

"शेपटीकडून," विश्राम म्हणाला. "उलट्या अंगानं."

बुवांनी विळी आणखी भलतीकडे लावली. मासा फाटला. त्याच्या मऊ मांसाचा लगदा व्हायला लागला. विश्राम एकदा मठाकडे बघे, एकदा खाली बघे. तांडेलाच्या घरात वाढलेला माणूस. उपाशी राहील, पण चांगल्या ताज्या माशाची अशी दशा त्याला बघवेना.

"पोट असं चिरू नका, पित्त फुटेल. सगळं कडू होईल."

बुवांनी चिरायला घेतलंच.

विश्राम खाली बसला आणि त्यांच्या हातातून मासा काढून घेतला.

मग मात्र बघण्यासारखं होतं. त्या बोथट विळीवर खवले सरासर निघाले. कल्ले गेले, पोट गेलं, पित्त अख्खं बाजूला पडलं. एक झाली, दुसरी घेतली, तिसरी घेतली. वर्षभर हातात मासा नव्हता, पण हात काही विसरले नव्हते. सगळ्या साफ झाल्या तेव्हा तो भानावर आला. मनगटापर्यंत खवले चिकटले होते. हात त्यानं अंगापासून लांब धरले, दुसऱ्या कोणाचे असावेत तसे.

"तुम्ही माझं व्रत मोडलंत," तो म्हणाला.

"खाल्लास का?"

"नाही."

"मग?"

"...वास लागला ना हाताला."

"लागला," बुवा म्हणाले. बोटाला चिंधी गुंडाळली, पान उचलून त्याच्या हातात दिलं आणि पायऱ्या उतरायला लागले. विश्राम तिथंच उभा. अर्धी वाट उतरून बुवा थांबले, पण मागं बघितलं नाही. मग विश्राम निघाला. मीही निघालो. मला कोणी बोलावलं नव्हतं, पण काठ्या काही पळून जात नव्हत्या.

वाटेत तो एकदाच बोलला. म्हणाला, बाबांनी हे मागितलं असतं तर मी दिलं नसतं का? बुवांनी विचारलं, वाचा गेलेल्या माणसानं मागायचं कसं? विश्राम म्हणाला, खुणेनं. मग आपणच चालता चालता थांबला. तोंड मिटून भिंतीकडे वळलेला बाप त्याच्या डोळ्यांसमोर आला असणार. आला की नाही मला काय ठाऊक. पण तिथून पुढं तो आमच्यापेक्षा भरभर चालायला लागला.

शेवंतीनं नवऱ्याच्या हातातलं पान बघितलं, मागं बुवा बघितले. चूल पेटवली. मग हात थांबला तिचा. माशाची भांडी विश्रामनंच माळ्यावर टाकली होती.

"कुठल्या भांड्यात करू?" एवढंच तिनं विचारलं.

"कुठल्याही कर," विश्राम म्हणाला. "माझ्या टोपात कर."

तिनं नारळ वाटला. हळद, थोडी मिरची, आमसूल. पातळ सार केलं. वास ओटीवर आला, तिथून खाटेपर्यंत गेला. गुणाजी भिंतीकडे तोंड करून पडला होता. कोणी हाक मारली नाही, हलवलं नाही. म्हाताऱ्यानं मान वळवली.

विश्राम ताट घेऊन खाटेशी बसला. चमचा बाजूला ठेवला. मुडदुशीचा काटा मधला, सरळ निघतो, पण बाजूचे बारीक काटे असतात ते दिसत नाहीत, बोटांना लागतात. त्यानं एकेक चाचपून काढला. भातात मांस कुस्करलं, वर सार घातलं, पुन्हा चाचपलं. आजारी माणसाच्या गळ्यात काटा जायला नको म्हणून डोळे मिटून चाचपत होता.

घास पुढं केला.

गुणाजीनं त्याच्या तोंडाकडे बघितलं. बराच वेळ बघितलं... मग तोंड उघडलं.

म्हातारा हळूहळू चावत होता. गिळलं. पुन्हा तोंड उघडलं. शेवंती चुलीपाशी पाठ करून बसली आणि पदर डोळ्यांना लावला, धुराचं निमित्त करून. धूर कुठंच नव्हता. विश्राम भरवत होता. मुंबईची बहीण पुढं आली तेव्हा म्हातारा उशीला टेकून बसलेला होता आणि ती रडायची तयारी करून आलेली. पण ते नंतरचं.

ताट अर्धं झालं तेव्हा गुणाजीनं डावा हात उचलला. तोच तेवढा चालतो. ताटातला एक घास त्यानं कसाबसा गोळा केला, हात वर आणला आणि विश्रामच्या तोंडापाशी धरला.

सार थेंबथेंब विश्रामच्या मांडीवर पडत होतं.

विश्रामनं बुवांकडे बघितलं. बुवा दाराबाहेर बघत होते. तिकडे बघण्यासारखं काही नव्हतं, एक कोंबडी होती.

विश्रामनं बापाचा हात दोन्ही हातांत धरला. घासासकट कपाळाला लावला, डोळ्यांना लावला. कपाळाला भात लागला तो लागू दिला. मग तो हात हळूच वळवून बापाच्याच तोंडाकडे नेला. म्हाताऱ्यानं घास खाल्ला. रागावला नाही. पण तांडेल तो तांडेल. दुसरा घास गोळा केला आणि या वेळी बुवांपुढं धरला.

शेवंतीनं जीभ चावली. बुवांना असं कोणी कधी देऊ केलं नव्हतं.

बुवा जवळ आले, वाकले, हात जोडले. "गुणाजी, मी खात नाही बाबा," म्हणाले. म्हाताऱ्यानं त्यांच्याकडे बघितलं. तोंडाची चांगली बाजू वर गेली. हसला तो. लकवा झाल्यापासून पहिल्यांदा. घास आपल्या तोंडात घातला, जाऊ दे, तुमचंच नुकसान, अशा थाटात.

विश्रामच्या कपाळावर भात होता, हातांना कोपरापर्यंत मासळीचा वास होता. हात धुवायला तो उठला नाही. सकाळपासून जे विचारत होता ते त्यानं पुन्हा विचारलं, पण या वेळी आवाज निराळा होता.

"बुवा... माळ?"

बुवांनी खाटेलगतची जमीन हातानं झाडली आणि बसले. थोडं सरकून शेजारी जागा केली.

"शेवंती, आम्हा दोघांना नुसता भात वाढ," ते म्हणाले. "पण पडवीत नको. इथं, म्हाताऱ्याच्या ताटाला लागून."