वाकडा सांधा

एकदा एका शिष्याने आपली जीप नवरदेवासारखी सजवली. शिष्याचे नाव भैरू. दादबा मिस्त्रींच्या गॅरेजात तो वेल्डिंग शिकला. भंगारातून आणलेली ही जीप त्याने स्वतःच्या हातांनी लांबवली आणि मागे दोन माणसे ऐसपैस झोपतील अशी केली. परिवहन कार्यालयाची रीतसर संमतीही मिळवली. आता मूल्यमापक बाई गाडी पाहायला येणार होत्या. त्या ठरवतील त्या मूल्यावर बँक कर्ज देणार आणि त्यातून भैरूचे स्वतःचे गॅरेज उभे राहणार. मग त्याचा जीव टांगणीला लागणार नाही तर काय!

त्याने जीप घासूनपुसून लख्ख केली. एवढे ठीक होते. पण सांगाड्याला खालून त्याने काळा रंगही चोपडला, कारण तिथे एक सांधा वाकडा होता. हात बसण्यापूर्वी केलेला, अगदी पहिला. मजबूत होता हो, पण दिसायला नुसता ओबडधोबड!

सकाळी मिस्त्री आले. त्यांनी गाडीखाली डोकावले, तारेचा ब्रश उचलला आणि सगळे सांधे खरवडून उघडे केले. त्यातही वाकड्या सांध्यावर जरा जास्तच प्रेम दाखवले.

"मिस्त्री, अहो काय करताय! वाटोळं झालं माझं!" भैरू रडकुंडीला आला. मिस्त्रींनी शांतपणे चहा मागवला.

बाई आल्या, बॅटरी घेऊन गाडीखाली शिरल्या आणि बराच वेळ बाहेरच येईनात. भैरू गाडीभोवती येरझारा घालू लागला. अखेर खालून हसण्याचा आवाज आला.

"हा वाकडा सांधा तुमचा पहिला ना?"

"हो मॅडम," भैरू पुटपुटला.

"ठोकून पाहिला, पक्का आहे. आणि नंतरचे तर सुरेखच! हात छान बसलाय तुमचा. असं उघडं काम फार कमी बघायला मिळतं." त्यांनी पूर्ण मूल्य धरले आणि हसतमुखाने निरोप घेतला.

भैरू मिस्त्रींच्या पायांशी वाकला. मिस्त्री म्हणाले, "गड्या, एक सांधा लपवायला तू रंग फासलास आणि त्याच्याखाली तुझे सगळे चांगले सांधेही गडप केलेस. पारख करणाऱ्याला जे दिसत नाही, त्याचं तो मोल करत नाही, त्याची शंका घेतो." मग रंगाचा डबा त्याच्या हाती देत म्हणाले, "आता दे रंग. रंग गंज अडवायला असतो रे, माणसाची नजर अडवायला नव्हे."

भैरू पुन्हा गाडीखाली शिरला. सगळे सांधे त्याने काळे रंगवले. वाकड्यावर मात्र बिनरंगी वार्निश लावले. मिस्त्रींनी वाकून पाहिले आणि खुशीत मान डोलावली.

आज भैरूच्या गॅरेजात कोणी काम शिकायला आले, की तो आधी त्याला त्या जीपखाली डोकावायला लावतो.