वजन न घटलेले गुरुजी

डिझेल बसच्या धुरातला विषारी वायू निवळवणारा उत्प्रेरक उल्काताईंनी वर्षानुवर्षं खपून प्रयोगशाळेत तयार केला होता. तो बसना लावायचा की नाही, हे बस बनवणाऱ्या कारखान्याचे मालक दाभाडेसाहेब ठरवणार होते. चाचणीपूर्वी आणि नंतर त्यांनी तो तराजूत घातला. वजन तेवढंच भरलं.

"बाई, हा नुसता बसून होता. काढून टाका."

"साहेब, परवा तुमच्या लेकीचं लग्न लावून गुरुजींचं वजन घटलं का?"

"जेवून वाढलं असेल."

"पण संसार तर जुळला ना? हाही विषारी वायूची, धुरात आपण सोडतो त्या अमोनियाशी गाठ घालतो. त्यांची साधी हवा आणि पाणी होतं, नि हा पुढच्या मुहूर्ताला मोकळा."

साहेबांनी तराजू बाजूला सारला. "मग प्रत्येक बसमध्ये एकेक गुरुजी बसवा."

उल्काताई त्या दिवशी ताठ मानेनं घरी गेल्या.