राजकन्येचे उसने हात

एका राज्यात राजकन्येला मोठ्याने हसायची मनाई होती, आणि तिच्या झग्याचा घेर एवढा, की राजवाड्याची दारं रुंद करावी लागली होती. तिचं नाव इनेस. पाळण्यात असतानाच तिचं लग्न दूरदेशीच्या राजाशी ठरलं. नवरी कशी वाढते आहे हे त्याला कळावं, म्हणून ती जाणती झाल्यापासून दर वर्षी तिचं चित्र पाठवायची रीत होती. मुलीला विचारायची रीत मात्र नव्हती!

चित्रं काढी गास्पार. मोठा कलावंत, त्याहून मोठा जादूगार. ‘चित्र जिवंत हवं’ एवढीच इनेसच्या वडिलांची, राजाची आज्ञा, आणि गास्पारने ती शब्दशः पाळली. पहिलं चित्र गेलं, त्यासोबत इनेसचं हसू गेलं. दुसऱ्यासोबत गालांचा रंग गेला. तिसऱ्यासोबत झोप गेली. राजा म्हणाला, “मुलगी गंभीर होत चालली.” त्याला चित्रं फार आवडली होती.

चौथ्या चित्राच्या आदल्या दिवशी खिडकीतला तांबडा पोपट बोलला, “राजकन्ये, चित्रात उतरतं ते देहातून जातं. उद्या तो डोळ्यांत प्राण भरील. उजव्या डोळ्यात शेवटचा ठिपका पडला, की तू संपलीस.”

“उपाय?”

“तीन कामं. त्याचा कुंचला आण. त्याचा रंग आण. मग त्याचाच हात चित्रात उतरव.”

“मलाच त्याने उतरवलंय. माझ्यात उरलं काय?”

इतक्यात दासी ब्रिगिदाच्या हातून पेला पडला. तीन वर्षं तिच्या हातून सगळं पडतच होतं. इनेस त्या हातांकडे पाहत राहिली. राजकन्येने घटकेहून जास्त उभं राहायचं नाही, म्हणून गास्पार तिचा फक्त चेहरा काढी. मग तोच झगा ब्रिगिदाला घालून हात तिचे काढी.

“म्हणजे माझे हात माझेच आहेत,” इनेस म्हणाली, “आणि माझ्यापायी तुझे गेले. ब्रिगिदा, मला लाज वाटते.”

“लाज मागाहून, ताईसाहेब. आधी कुंचला.”

बधिर हातांनी तो उचलवेना. ब्रिगिदाने दातांत धरून आणला, आणि रंगाची शिंपली अंबाड्यात लपवून आणली.

सकाळी गास्पार म्हणाला, “राजकन्ये, नजर माझ्यावर ठेवावी.”

“ठेवली.”

तिचा उजवा हात झग्याच्या फटीतून आत गेला होता. आतल्या पांढऱ्या परकरावर ती न बघता कुंचला चालवत होती. चेहरा जरा हलला असता, तरी घात होता. गास्पारने तिच्या हातांकडे एकदाही पाहिलं नाही. कशाला पाहील? हात तर दासीचे यायचे होते.

चित्रातला डावा डोळा पुरा झाला आणि इनेसला डावीकडचं दिसेना. परकरावर अंगठा झाला, बोटं झाली. चित्रात उजवं बुबुळ आलं आणि समोर धुकं दाटलं. मनगट राहिलं होतं. तिने अंदाजाने रेघ ओढली. गास्पारचा कुंचला ठिपक्यापाशी आला आणि तिथेच थांबला. त्याचा हात लाकूड झाला होता.

कुंचला नि रंग ओढून घेत, पण धरून ठेवी तो हात. हात मेला, तसं नेलेलं सगळं माघारी आलं. झोपही आली. तिला इनेसने थोडं थांबायला सांगितलं.

परकर दरबारात मांडला. त्यावरची बोटं गाजरांसारखी दिसत होती. ती पाहून इनेस खदखदून हसली आणि तिला थांबवायची कुणाची छाती झाली नाही. दूरच्या राजाला निरोप गेला, ‘पाहायचं असेल तर स्वतः यावं.’

गास्पारने गुडघे टेकले. “जादू सोडली, राजकन्ये. हात तेवढा परत द्यावा.”

“परकर धुतला की मिळेल. पण धुणं ब्रिगिदाकडे असतं.”

ब्रिगिदाने आपली बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मग म्हणाली, “बघू. सवडीने.”